निलगिरीचं नॅनो मारलं, तरी महिन्यानं हरभऱ्यात पुन्हा भुंगा? आधी तारखा बघा

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. "सर, औषध मारलं तेव्हा झकास काम झालं. आठ-पंधरा दिवस एक किडा दिसला नाही. परवा पोतं उघडलं तर वरच्या थरात नुसते वळवळतायत. माल डुप्लिकेट निघाला वाटतं."

औषध म्हणजे निलगिरी, लवंग, गवती चहा किंवा सिट्रोनेला यांपैकी कुठल्यातरी सुगंधी तेलाचं नॅनोइमल्शन, म्हणजे पाण्यात अतिसूक्ष्म थेंबांत मिसळलेलं तेल. कधी बाजारातून आणलेलं, कधी ओळखीच्या कृषी पदवीधरानं प्रयोगशाळेत करून दिलेलं. धान्य बहुधा हरभरा, तूर, मूग नाहीतर चवळी. कुठे बचत गटाच्या डाळ मिलसाठी साठवलेलं, कुठे पुढच्या हंगामाचं बियाणं, कुठे घरच्या कोठीतलं.

डुप्लिकेट माल बाजारात नाही असं कोण म्हणेल? पण बाटलीवर खापर फोडण्याआधी मी दोन तारखा विचारतो. औषध मारलं कधी आणि किडे पुन्हा दिसले कधी? या दोन्हींमधलं अंतर कळलं की निम्मं निदान तिथंच होतं.

अंतर तीन-चार आठवड्यांपासून सव्वा महिन्यापर्यंत असेल तर

सगळ्यात जास्त प्रकरणं या गटातली, म्हणून यावरच जास्त बोलू.

एक भिंग घ्या आणि किडक्या पोत्यातले पन्नासेक दाणे पांढऱ्या कागदावर पसरा. हरभऱ्याच्या गुळगुळीत पाठीवर टाचणीच्या डोक्याहून लहान, चिकटलेले ठिपके दिसतील. ती भुंगेऱ्याची अंडी. अंडं ताजं असतं तेव्हा ते जवळजवळ पारदर्शक असतं, सहज नजरेत येत नाही. दुधी पांढरा ठिपका दिसला तर अंडं फुटून गेलंय असं समजा. अळी बाहेर न येता अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते आणि तिनं मागे टाकलेल्या भुशानं रिकामं कवच भरतं, म्हणून ते पांढरं दिसतं. म्हणजे तुम्हाला पांढरा ठिपका दिसला तेव्हा अळी आत बसून जेवायला लागलेली असते. आता दाणा फिरवून बघा. एखाद्या बाजूला सालीखाली गोल, किंचित गडद डाग दिसला तर ती खिडकी. अळी कोषात जाण्याआधी सालीपर्यंत पोखरत येते आणि पातळ झाकणासारखी साल तेवढी शिल्लक ठेवते. पूर्ण वाढलेला भुंगा ते झाकण ढकलून बाहेर येतो. आपल्याला दिसतं ते गोल भोक म्हणजे त्याचं जायचं दार, यायचं नव्हे.

कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस आणि कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस या भुंगेऱ्याच्या दोन्ही जातींची पिढी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण २५ ते ३० दिवसांत पूर्ण होते. थंडीत हा काळ लांबतो. प्रौढ भुंगा काही खात नाही, दहा-बारा दिवस जगतो. तेवढ्यात मादी ऐंशी-शंभर अंडी घालून मोकळी होते.

आता हिशेब मांडा. औषध मारलं त्या दिवशी पोत्यात फिरणारे भुंगे मेले. तेलाची वाफ ताज्या अंड्यांनाही मारक ठरते. पण दाण्यात वेगवेगळ्या वयाच्या अळ्या आणि कोष शाबूत राहिले. त्यातले काही दोन दिवसांनी निघणार, काही दहाव्या, काही पंचविसाव्या दिवशी. वाफ आहे तोवर बाहेर आलेला मरतो. वाफ संपल्यावर आलेला जगतो, दिवसभरात जोडी जमवतो आणि अंडी घालतो. तुम्हाला महिन्यानं दिसलेले किडे म्हणजे औषधाला न जुमानणारे किडे नव्हेत. औषध मारलं तेव्हा ते भिंतीआड होते, त्यांच्यापर्यंत औषध गेलंच नव्हतं.

तूर, मूग, चवळीच्या बाबतीत तर ही भानगड शेतातच सुरू होते. शेंग पक्व होताना भुंगेरा त्यावर अंडी घालून जातो आणि माल खळ्यावरून गोदामात येतो तो आत पाहुणे घेऊनच. "नवीन बारदान, नवीन माल, मग कीड आली कुठून?" या प्रश्नाचं हे उत्तर.

उपाय दोन भागांत. पहिला भाग तेलाचा नाहीच. आतली कीड आधी मारून घ्यायची, मग तेल वापरायचं. खायचा हरभरा असेल तर कडक उन्हात काळ्या ताडपत्रीवर दोन-तीन सेंटिमीटरचा पातळ थर द्या, वरून पारदर्शक प्लास्टिक अंथरा आणि कडा मातीनं किंवा विटांनी दाबा. दाण्याचं तापमान ५७ अंशांच्या वर तासभर टिकलं तर अंड्यापासून प्रौढापर्यंत सगळ्या अवस्था मरतात. नुसतं अंगणात वाळवण घातलं तर एवढी उष्णता मिळत नाही, भुंगे फक्त उडून शेजारच्या पोत्यात जातात. तापमान अंदाजानं ठरवू नका, थराच्या मधोमध थर्मामीटर खोचून बघा. गार होऊ द्या, मगच भरा, नाहीतर पोत्यात घाम धरतो. बियाण्यावर हा प्रयोग करू नका, विशेषतः ओल जास्त असताना. उगवण गेली तर कीड परवडली म्हणायची वेळ येते. बियाणं हवाबंद पिशवीत भरा. आतले किडेच हवेतला ऑक्सिजन संपवतात आणि त्यांचं खाणं-वाढणं थांबतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं १९८०च्या दशकाच्या शेवटी कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तिहेरी पिशवीची हीच पद्धत बसवली, आता तशा पिशव्या आपल्याकडेही मिळतात. घरच्या दोन-चार किलोंसाठी फ्रीझर उत्तम: उणे १८ अंशांत आठवडाभर.

दुसरा भाग तेलाचा. तेलाचा परिणाम एका पिढीपेक्षा जास्त दिवस, म्हणजे किमान पाच-सहा आठवडे, टिकायला हवा. ही अट पाळणारं औषध तुमच्याकडे आहे का, ते पुढे बघू. बहुतेकांकडे नसतं.

आठवड्याच्या आतच दिसले तर

इथे शक्यता वेगळ्या. पहिली म्हणजे ते मेलेच नव्हते. सुगंधी तेलांच्या वाफेनं किडे आधी झिंगतात, पाय आखडून उताणे पडतात. मात्रा अपुरी असेल तर एक-दोन दिवसांत त्यातले बरेच पुन्हा चालायला लागतात. संध्याकाळी औषध मारून सकाळी "सगळे मेले" असं जाहीर करू नये. उताणे पडलेले किडे वेचून झाकण लावलेल्या स्वच्छ बाटलीत दोन-तीन दिवस ठेवा आणि मग मोजा.

दुसरी शक्यता मात्रेची, आणि यात प्रयोगशाळेतले आकडे आणि गोदाम यांच्यातली दरी आहे. वाफेच्या चाचण्या पुष्कळदा रिकाम्या काचेच्या बरणीत होतात. मात्रा लिहिली जाते ती हवेच्या लिटरमागे. तीच मात्रा धान्यानं भरलेल्या कोठीत वापरली तर परिणाम फार कमी मिळतो, कारण दाणे स्वतःच वाफ शोषून घेतात आणि धान्याच्या ढिगातून वाफ सावकाश सरकते. वरून शिंपडलं तर वरचा वीतभर थर सुधारतो, मधला गाभा तसाच राहतो. लेबलवर किंवा करून देणाऱ्याच्या कागदावर मात्रा धान्याच्या किलोमागे लिहिली आहे का, एवढं आधी तपासा. हवेच्या घनफळावर लिहिलेली असेल तर ती तुमच्या कामाची नाही.

तिसरी, सोपी गोष्ट: भांडं. तागाच्या पोत्यात वाफ राहत नाही, दोन दिवसांत गोदामभर पसरते आणि जाते. पातळ पॉलिथिनही यातली बरीच तेलं स्वतःत मुरवून घेतं. लिमोनीनसारखे घटक तर पॉलिथिनमध्ये चांगलेच शोषले जातात. घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी किंवा स्टीलचा डबा असेल तर त्याच औषधाचा परिणाम स्पष्ट वेगळा दिसतो.

दोन-अडीच महिन्यांनी परत आले तर

अभिनंदन, औषधानं त्याचं काम केलं. कीड नव्यानं बाहेरून आली. जुन्या बारदानाची शिवण उसवून बघा, कोपऱ्यातला झाडलोटीचा ढीग बघा, फळ्यांखाली सांडलेलं बघा, चाळणीच्या जाळीत अडकलेलं बघा. भुंगेरा उडतो, त्यामुळे शेजारच्या खोलीत जनावरांसाठी ठेवलेला कळणा-भुसा आणि निवडून टाकलेले किडके दाणे पुरेसे असतात. भिंतीच्या भेगा बुजवणं आणि जुनं बारदान उकळत्या पाण्यात बुडवून वाळवणं ही कंटाळवाणी कामं कुठल्याही नॅनोपेक्षा जास्त फळ देतात. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही, करण्यासारखं आहे.

बाटलीत खरंच नॅनो आहे का

आता बाटलीकडे वळू. नॅनोइमल्शनमध्ये तेलाचे थेंब साधारण २० ते २०० नॅनोमीटरचे असतात, नेहमीच्या इमल्शनमध्ये मायक्रॉनच्या घरात. हे मोजायला यंत्र लागतं. पण डोळ्यांनीही बरंच कळतं. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात थोडं मिसळा. दुधासारखं पांढरंफटक झालं तर थेंब मोठे आहेत. निळसर झाक असलेलं, आरपार अंधुक दिसणारं द्रावण झालं तर थेंब बारीक असण्याची शक्यता जास्त. शक्यताच म्हणतोय, कारण तेल नावापुरतं आणि साबणासारखा घटक भरमसाट घातला तरी द्रावण स्वच्छ दिसतं. करून देणाऱ्याकडे कणांच्या आकाराचा अहवाल मागा. त्यात सरासरी आकाराबरोबर पीडीआय नावाचा आकडा असतो. तो ०.२-०.३ च्या आत असेल तर थेंब बऱ्यापैकी एकसारखे आहेत. अहवालाची तारीखही बघा. तयार केल्या दिवशीचा अहवाल आणि चार महिने शेडमध्ये तापलेली बाटली यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

नॅनोइमल्शन कायमचं स्थिर नसतं. त्यात चालणारी मुख्य गडबड म्हणजे ऑस्टवाल्ड रायपनिंग. सुगंधी तेलं पाण्यात थोडीशी विरघळतात. लहान थेंबांतलं तेल पाण्यात उतरतं आणि मोठ्या थेंबांत जाऊन मिळतं, लहान संपत जातात, मोठे फुगत जातात आणि एक दिवस थर वेगळा होतो. निलगिरीचं तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे कडं वर दिसतं. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसतं. लवंगेची बाटली वरून छान दिसते, म्हणून लोक न हलवता वरचं ओततात. सगळं तेल शेवटच्या दोन पोत्यांवर जातं. "काही पोती चांगली राहिली, काही किडली" अशी तक्रार असेल तेव्हा मी हे आधी विचारतो.

थर वेगळा झाल्यावर बाटली हलवली की पुन्हा पांढरं दूध होतं, नॅनो होत नाही. हलवून वापरता येईल, पण ते साधं इमल्शन समजून.

स्वतः तयार करणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. थर महिन्याच्या आत सुटत असेल तर सुगंधी तेलात आधी थोडं सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं तेल मिसळून मग इमल्शन करा. ही तेलं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, त्यामुळे थेंबातून तेल निसटणं रोखतात. मोबदल्यात वाफ थोडी मंदावते, ते चालतं. ट्वीन ८० (तेल-पाणी एकत्र धरणारा साबणासारखा घटक) वापरत असाल तर प्रमाण एकदम वाढवून प्रश्न सुटेल असं समजू नका, दाणे चिकट होतात. सोनिकेटर (ध्वनिलहरींनी थेंब फोडणारं यंत्र) लावताना भांडं बर्फात ठेवा. प्रोबजवळ द्रावण तापतं आणि ज्या तेलासाठी एवढा खटाटोप, तेच खोलीत उडून जातं. खोली छान दरवळली की प्रयोग जमला असं वाटतं. दरवळ म्हणजे तुमचं औषध हवेत गेलं. भरून ठेवायला गडद काचेची बाटली घ्या, पेट प्लास्टिकची नको.

मूळ तेलाचीही एक चाचणी करा. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. शुद्ध सुगंधी तेल उडून जातं. तेलकट डाग उरला तर त्यात खाद्यतेलासारखी भेसळ आहे. टर्पेंटाइनची भेसळ मात्र या चाचणीत सापडत नाही. आणि कडुलिंब किंवा करंजाचं तेल हे सुगंधी तेल नव्हे. ते उडत नाही, वाफेनं मारत नाही. त्याची कामाची पद्धत निराळी, त्यामुळे "निंबोळी नॅनो" आणि "निलगिरी नॅनो" एकाच तराजूत तोलू नका.

लहान थेंब म्हणजे जास्त दिवस, हा गैरसमज

या सगळ्या प्रकरणातला मुख्य घोळ इथे आहे असं माझं मत. "नॅनो" म्हटलं की लोकांना वाटतं परिणाम टिकाऊ. द्रव नॅनोइमल्शनचा फायदा वेगळा आहे: तेल पाण्यात एकसारखं मिसळतं, दाण्यावर सारखं पसरतं, थोड्या तेलात जास्त दाणे झाकले जातात. पण दाण्यावरचं पाणी वाळलं की उरतो तेलाचा पातळ थर, आणि पातळ पसरलेलं तेल लवकर उडतं. टिकाऊपणा हवा असेल तर तेल कशाच्या तरी आत कोंडावं लागतं: कायटोसान, बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन, पॉलिएथिलीन ग्लायकॉल अशा पदार्थांच्या कणांत. मग ते पुरवून पुरवून बाहेर येतं.

२००९ साली चीनमधल्या संशोधकांनी लसणाचं तेल पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या नॅनोकणांत भरून तांबड्या भुंगेऱ्यावर, म्हणजे पिठातल्या तांबूस किड्यावर, वापरून पाहिलं. पाच महिन्यांनंतरही कणांचा परिणाम ८० टक्क्यांच्या वर होता. तेवढ्याच प्रमाणातल्या मोकळ्या तेलाचा जेमतेम ११ टक्के. फरक घडवला तो कोंडून ठेवण्यानं.

तेलाची निवडही इथे कामाला येते. निलगिरीतलं सिनिओल सुमारे १७६ अंशांना उकळतं, लवंगेतलं युजेनॉल २५० च्या पुढे. म्हणजे निलगिरी झपाट्यानं वाफ होऊन बंद डब्यात लवकर पसरते आणि लवकर संपते. लवंग मागे रेंगाळते, पण तिची वाफ ढिगात फार खोल जात नाही, तिचा भर स्पर्शावर. पत्र्याच्या बंद कोठीला निलगिरी आणि दाण्यांत नीट कालवता येणाऱ्या थोड्या मालाला लवंग, असा माझा कल. तागाच्या पोत्याला द्रव स्वरूपात दोन्ही व्यर्थ.

कायटोसानच्या कणांबाबत एक खास मराठवाडी अडचण. कायटोसान आम्लात विरघळतं, पीएच साडेसहाच्या पुढे गेला की गुठळ्या धरतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी. त्यात औषध कालवलं की दह्यासारखे कण तरंगतात, नोझल चोंदतं आणि फवारणी करणारा वैतागून गाळून वापरतो. म्हणजे औषध फडक्यावर आणि पाणी धान्यावर. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी घ्या. त्याहून बरं म्हणजे पावडर स्वरूपातलं घ्या आणि कोरडंच मिसळा.

आपणच दिलेली ओल

पाण्याचा विषय निघालाच आहे तर हा हिशेब करून ठेवा. किलोला १० मिली प्रमाणे फवारलं म्हणजे क्विंटलला एक लिटर पाणी. दहा टक्के ओलीचा हरभरा त्यानं १०.९ टक्क्यांवर जातो. आकडा छोटा दिसतो, पण हे पाणी सगळीकडे सारखं बसत नाही. वरचे दाणे ओले, खालचे कोरडे. लगेच पोतं शिवलं तर ओल्या भागाला बुरशी धरते आणि किडीला आयतं मऊ खाणं मिळतं. हरभऱ्याच्या बियाण्याची ओल ९ टक्क्यांच्या आत असावी असा प्रमाणित बियाण्याचा निकष आहे, हवाबंद पाकिटात ८. गहू-ज्वारीला १२ च्या खाली ठेवा. मॉइश्चर मीटर नसेल तर बाजार समितीत किंवा जवळच्या डाळ मिलमध्ये विनंती केली की मोजून देतात. फवारणीनंतर धान्य सावलीत हलवून कोरडं करा, मगच भरा. आणि लक्षात घ्या, तागाच्या पोत्यातलं उन्हाळ्यात खडखडीत वाळलेलं धान्य आषाढ-श्रावणात हवेतली ओल परत ओढून घेतं. कोकणात तर विचारूच नका.

किडा कोणता, हे एकदा नीट बघा

वर सगळं कडधान्याच्या भुंगेऱ्याबद्दल झालं. गहू, तांदूळ, ज्वारीत लांब सोंड असलेला किडा दिसला तर तो सोंडकिडा. त्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक चिकट द्रवानं बुजवते. म्हणजे इथे अंडंही बाहेर नाही, तेलाला संधी आणखी कमी. पिठात, रव्यात, फुटक्या दाण्यांत तांबूस चपटा किडा असेल तर तो तांबडा भुंगेरा. याचे प्रौढ सुगंधी तेलांना सोंडकिड्याएवढीही दाद देत नाहीत. त्याला लावायची मात्रा पिठाला लावली तर भाकरीला खोकल्याच्या औषधाचा वास येईल. पीठ चाळा, गार ठिकाणी ठेवा, थोडं थोडं दळा. तांदळात जाळी आणि गोळे दिसले तर पतंगाची अळी. तिथे पाखडून, जाळी काढून, मग डबा बंद करणं बरं.

डाळ करून ठेवता येत असेल तर तेही करून बघा. भुंगेऱ्याला अंडी घालायला अख्खा, गुळगुळीत दाणा लागतो. फोडलेल्या डाळीत त्याचा उपद्रव बराच कमी असतो. घरगुती तूरडाळीला एरंडेल चोळायची रीत याच रांगेतली आहे. कुठलंही खाद्यतेल किलोला ५ मिली प्रमाणे अख्ख्या कडधान्याला नीट चोळलं तर अंडी गुदमरतात, हे पूर्वीपासून तपासलेलं आहे. घरच्या दहा किलो मुगासाठी कुणी नॅनो विकत घ्यायला निघालं की मी त्यांना हे सांगतो. दुकानदार माझ्यावर खूश नसतात.

तुमचं औषध किती दिवस टिकतं, ते तुम्हीच मोजा

दोन काचेच्या बरण्या घ्या, प्रत्येकीत अर्धा किलो निरोगी हरभरा. एकीत सांगितलेल्या मात्रेनं औषध, दुसरीत काही नाही. त्याच दिवशी दोन्हींत दहा-दहा ताजे भुंगे सोडा आणि तीन दिवसांनी मेलेले मोजून सगळे काढून टाका. दर पंधरा दिवसांनी हेच करा. भुंगा मुळातच अल्पायुषी, त्यामुळे जुने किडे घेतले तर औषधाशिवायही मरतील. म्हणून किडक्या दाण्यांच्या वेगळ्या बाटलीतून नुकतेच निघालेले घ्या आणि औषध नसलेली बरणी वगळू नका. तिच्यात दहातले सहा मेले तर त्या दिवसाची मोजणी रद्द. पंधराव्या दिवशी औषधाच्या बरणीत दहातले दहा मेले आणि पंचेचाळिसाव्या दिवशी दोन, तर तुमचं औषध एक पिढी पुरत नाही हे तुमच्या डोळ्यांसमोर आलं. मग एक तर कोंडलेल्या तेलाची पावडर शोधा, नाहीतर औषध पुन्हा देण्याचं वेळापत्रक त्या आकड्यांवर बसवा.

बियाणं असेल तर सोबत उगवण चाचणीही घ्या. सोयाबीनसाठी करता तशीच: ओल्या गोणपाटावर शंभर दाणे, औषधाचे वेगळे, बिनऔषधाचे वेगळे. निलगिरी, गवती चहा यांची तेलं उगवण दाबतात, मात्रा थोडी चढली तरी. हरभऱ्याला ८५ टक्के उगवण हा किमान निकष. औषधाच्या गटात त्याखाली गेली तर ते बियाणं डाळीला द्या.

काही गोष्टी करूच नका

वेखंडाचं तेल किड्यांवर जबर चालतं, पण भारतीय वेखंडात बीटा-असारोन भरपूर असतं आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरलेलं आहे. खायच्या धान्याला ते नकोच. शुद्ध तेल उघड्या हातानं कालवू नका. लवंगेचं तेल कातडी भाजतं. निलगिरीची बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, थोडं पोटात गेलं तरी दवाखान्यात पळावं लागतं. ही तेलं पेट घेतात, तेव्हा बंद खोलीत फवारताना विडी-स्टोव्ह बाहेर. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवलेल्या थप्पीवर पाण्यातलं कुठलंही औषध फवारू नका. गोळीला ओल लागली की फॉस्फीन हा विषारी वायू भसाभस सुटतो. त्या गोळ्या राहत्या घरात तर कधीच नकोत. आणि बचत गटातल्या ताई हे औषध बनवून "कीडनाशक" म्हणून विकायच्या विचारात असतील तर १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. घरच्या मालाला वापरणं वेगळं, लेबल लावून विकणं वेगळं.

मर्यादा

पाच-पंचवीस क्विंटलचा माल, बंद कोठ्या, बियाण्याचे डबे, बचत गटाची डाळ: इथपर्यंत कोंडलेल्या तेलाचा उपयोग आहे, आणि तोही आतली कीड आधी मारून घेतल्यावर. धान्यात खुपसायचा सछिद्र नळीचा सापळा मिळतो. कोइंबतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठानं तयार केलेला हा सापळा पोत्यात किंवा कोठीत ठेवला की वरच्या थरात काही दिसण्याच्या आधीच नळीत भुंगे पडलेले सापडतात. दर आठवड्याला नळी काढून बघा आणि आकडा तारखेसकट भिंतीवर खडूनं लिहा. सलग दोन आठवडे आकडा चढला तर तेल पुन्हा मारत बसू नका, माल उपसून पुन्हा उष्णता किंवा हवाबंद पिशवी.

शेकडो पोत्यांच्या थप्पीला कीड लागली असेल तर मात्र सुगंधी तेलावर पैसे घालू नका. तेवढ्या मालात वाफ गाभ्यापर्यंत पोचवणं सध्याच्या कुठल्याही इमल्शनच्या आवाक्यात नाही. तिथे परवानाधारक धुरीकरण करणाऱ्याला बोलवा. गॅसप्रूफ आवरण, कडेला वाळूच्या पिशव्या आणि पूर्ण मुदत, हे तिन्ही तो पाळतोय ना यावर स्वतः उभं राहून लक्ष ठेवा. अर्धवट धुरीतून वाचलेल्या किड्यांमुळेच फॉस्फीनला न मरणारा तांबडा भुंगेरा आणि दाणे पोखरणारा भुंगेरा देशात पसरलेत.